पार्किंगवाल्याचा ‘दंड’ : भरायचा किती आणि ‘पावती द्या’ म्हणायचं कुठं?

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) :
आपल्या भागातला माणूस सोलापूरला कशाला जातो? दवाखाना, कोर्ट-कचेरी, मार्केट यार्ड, रेल्वे स्टेशन, नाहीतर पोराचं कॉलेज. पूर्वी एसटीनं जायचा. आता घरटी मोटारसायकल आहे, दोन घरांआड पिकअप किंवा चारचाकी आहे. तेरामैलावरनं विजापूर रोडला लागलं की बघता बघता शहर येतं. खरी अडचण तिथं सुरू होते. गाडी लावायची कुठं? रस्त्याकडेला लावली तर पोलीस उचलून नेतात, म्हणून माणूस ‘पे अँड पार्क’मध्ये लावतो. आणि तिथं बऱ्याच वेळा पोलिसांच्या दंडापेक्षा वेगळाच एक ‘दंड’ त्याच्या गळ्यात पडतो.

माझ्या गळ्यात पडला, तो आधी सांगतो.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला घेऊन गेलो होतो. शहरातल्या एका वाहनतळावर मोटारसायकल लावली. २० रुपये दिले, पुठ्ठ्याचं टोकन मिळालं. दवाखान्यात औषधाची चिठ्ठी, रिपोर्ट, आधार कार्ड, पिशवी, आईचा हात, या सगळ्यात टोकन कुठं पडलं कळलंच नाही. परत आलो तर गेटवरचा पोरगा म्हणाला, “मालक, टोकन नसंल तर दोनशे दंड. बोर्डावर लिवलंय बघा.” मी मोबाईलवर आरसी दाखवली, लायसन दाखवलं, गाडीची किल्ली तर हातातच होती. पोरगा ऐकेना. आई डोळ्याला पट्टी बांधून उन्हात उभी. दिले दोनशे. पावती मागितली तर त्यानं पुस्तकातली छापील पावती फाडून दिली. त्यावर रक्कम होती २० रुपये.

म्हणजे खिशातनं गेले २२०, आणि कागदावर आले २०. त्या आठवड्यात मला कांद्याला किलोला आठ रुपये मिळाले होते. २०० रुपये म्हणजे पंचवीस किलो कांदा. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की मी बातम्या लिहिणारा माणूस असूनही तिथं काय बोलायचं हे मला सुचलं नाही. नंतर वकिलांना विचारलं, कायद्याची पुस्तकं चाळली. त्यातनं जे कळलं ते खाली मांडतोय.

फी वेगळी, दंड वेगळा, भरपाई वेगळी

सगळा घोळ या तीन शब्दांचा आहे. फी म्हणजे जागा वापरल्याचं भाडं. ते ठेकेदार घेऊ शकतो, ठरलेल्या दराप्रमाणे. दंड म्हणजे कायदा मोडल्याची शिक्षा. तो कायद्यात लिहिलेला असावा लागतो आणि कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. भरपाई म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याचं खरंच नुकसान झालं असेल तर ते भरून देणं.

शेतकऱ्याला हे कोंडवाड्यावरून लगेच समजेल. दुसऱ्याची म्हैस आपल्या ज्वारीत शिरली तर आपण काय करतो? १८७१ चा जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा सांगतो की, जनावर धरा आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवा. दंड कोंडवाड्यावर ठरलेल्या दरानं वसूल होतो. ज्वारी आपली, नुकसान आपलं, तरी सुद्धा “टाक दोन हजार, नाहीतर म्हैस सोडत नाही” असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मग दुसऱ्याच्या जागेवर ठेका घेतलेल्या माणसाला तो कुठून आला?

रस्त्यावर चुकीची गाडी लावली तर मोटार वाहन कायदा लागतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून सुधारित दर लागू झाले. साध्या नो-पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केलं तर १,५०० रुपये. हा दंड वाहतूक पोलीस ई-चलन मशीनवर घेतात आणि तो सरकारच्या खात्यात जातो. गाडी उचलायची असेल तर त्याच कायद्याचं कलम १२७ म्हणतं की, वर्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीनं उचलायची. टोइंगची क्रेन खाजगी असली तरी हुकूम पोलिसाचा लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई गाडीत बाळाला दूध पाजत बसली असताना ती गाडी तशीच ओढून नेली. व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला आणि संबंधित पोलीस निलंबित झाला. तिथं पोलीस होता म्हणून जाब विचारता आला. जिथं फक्त ठेकेदाराचा माणूस असतो, तिथं जाब कुणाला विचारणार?

बोर्डावर लिहिलंय म्हणून कायदा होतो का?

ठेकेदाराचं म्हणणं असतं की, ‘बोर्डावर लिहिलंय, तुम्ही वाचून गाडी लावली, म्हणजे करार झाला.’ ह्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही.

टोकन घेणं म्हणजे एक छोटा करारच असतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की, करारात दंडाची कितीही रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. तेवढी आपोआप देणं लागतो असं नाही. पुठ्ठ्याचं टोकन हरवलं तर ठेकेदाराचं नुकसान किती? टोकनाची किंमत आणि गाडी माझीच आहे हे तपासायला गेलेली पाच मिनिटं. त्याचे दोनशे रुपये कसे होतात, हे त्यानं सांगायला पाहिजे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर ‘अन्याय्य करार’ ह्याची व्याख्याच दिली आहे. झालेल्या नुकसानीच्या मानानं अगदीच अवाच्या सवा दंड ग्राहकावर लादणारी अट त्यात बसते. तसंच सेवा देऊन ठरल्याप्रमाणे पावती न देणं ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. मला वीस रुपयांची पावती देऊन दोनशे वीस घेतले, ते यातच येतं.

बोर्डाचं महत्त्व किती, हे विलायतेतल्या एका खटल्यावरून दिसतं. आपल्या जिल्ह्यातली पोरंही आता तिकडं शिकायला जातात, म्हणून त्यांच्या आईबापांनीही हे वाचावं. इंग्लंडमध्ये खाजगी पार्किंग कंपन्या कॅमेऱ्यानं नंबर टिपतात आणि घरी नोटीस पाठवतात. ती दिसायला अगदी सरकारी दंडासारखी असते, पण असते खाजगी कंपनीची. २०१३ मध्ये चेम्सफर्ड गावात एका माणसानं दोन तास फुकट असलेल्या जागेत ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवली. कंपनीनं ८५ पौंड मागितले. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी जिंकली. कोर्टाच्या मते बोर्ड मोठे आणि स्पष्ट होते, आणि रक्कम अवाजवी नव्हती. पण त्याच देशानं २०१२ च्या कायद्यानं खाजगी जागेत कंपनीनं गाडीच्या चाकाला कुलूप घालायला बंदी केली. तिथला सरळ अर्थ असा की, पैसे मागायचे तर कागदानं मागा, गाडी अडवून मागू नका. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण हे तत्त्व आपल्यालाही पटण्यासारखं आहे.

मुंबई, पुणे आणि अहमदाबादचा धडा

७ जुलै २०१९ पासून मुंबई महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावली तर जबर दंड सुरू केला. दुचाकीला ५ हजारांपासून सुरुवात, आणि जड वाहन उशिरा सोडवलं तर २३ हजारांच्या पुढं. लोकांनी ओरड केली आणि नंतर महापालिकेला रक्कम खाली आणावी लागली. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की, एवढा मोठा दंड सुद्धा महापालिकेनं उघडपणे जाहीर केला होता. कुठल्या ठेकेदारानं रंगाचा डबा आणून बोर्डावर लिहिला नव्हता. त्यामुळं लोकांना भांडायला समोर कुणीतरी होतं.

त्याच महिन्यात गुजरात हायकोर्टानं निकाल दिला की, मॉल आणि मल्टिप्लेक्सना गिऱ्हाइकांकडून पार्किंगची फी घेता येणार नाही. कारण बांधकामाच्या नियमानुसार तेवढी जागा पार्किंगसाठी सोडणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. पुण्यातही त्याच वर्षी महापालिकेनं मॉलवाल्यांना फी घेऊ नका म्हणून बजावलं होतं. पण गुजरातचा निकाल आपल्याला आपोआप लागू होत नाही. तेव्हा मोबाईलवर असला मेसेज दाखवून गेटवर हुज्जत घालू नका. मुद्दा एवढाच की, जिथं साध्या फीवर सुद्धा कोर्टात प्रश्न उभे राहतात, तिथं मनानं लावलेल्या दंडाचं काय सांगावं?

ठेकेदाराची बाजू

एकाच बाजूनं लिहिणं बरं नाही, म्हणून एका ओळखीच्या माजी ठेकेदाराशी बोललो. तो म्हणाला, “टोकन सापडलेला माणूस दुसऱ्याचीच गाडी घेऊन गेला तर मालक आमच्या उरावर बसतो. दोनशेचा बोर्ड लावला की लोक टोकन जपतात.” त्याचं म्हणणं खोटं नाही. बोली लावून ठेका घेतलेला असतो, पैसे आधी भरलेले असतात, गेटवरची पोरं रोजंदारीवर असतात. काही लोक चार तासांचे पैसे देऊन दोन दिवस गाडी ठेवतात, काही दुसऱ्याच्या गाडीला आडवी लावून निघून जातात.

पण याच माणसाच्या बोर्डावर दुसरी एक ओळ हमखास असते, ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. म्हणजे टोकन हरवलं तर जबाबदारी आपली, आणि गाडी हरवली तरी जबाबदारी आपलीच! सुप्रीम कोर्टानं १४ नोव्हेंबर २०१९ ला दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात ह्यावर निकाल दिला आहे. १९९८ मध्ये एका पाहुण्यानं मारुती झेन गाडी किल्लीसकट हॉटेलच्या माणसाकडं पार्किंगला दिली. परत आला तर दुसराच कुणी ती घेऊन गेला होता. हॉटेल म्हणालं, टोकनावर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलंय. कोर्टानं सांगितलं, स्वतःच्या हलगर्जीपणातनं अशी ओळ छापून सुटता येणार नाही. तिथं किल्ली दिलेली होती, हे ध्यानात ठेवा. आपण किल्ली खिशात घालून जातो तेव्हा प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जाईल. तरी ‘आम्ही काहीच लागत नाही’ ही भाषा सगळीकडं चालत नाही, एवढं यातनं नक्की झालं.

तेव्हा टोकन हरवल्यावर ठेकेदारानं आरसी बघावी, ओळखपत्र बघावं, रजिस्टरला नाव-नंबर लिहून सही घ्यावी, टोकनाची माफक किंमत घ्यावी. जास्त वेळ गाडी राहिली तर जास्त वेळाची फी घ्यावी. आपणही ती मुकाट्यानं द्यावी. त्यापुढचं मात्र विचारून द्यावं.

गेटवर उभं असताना काय करायचं?

१) गाडी लावतानाच दराच्या बोर्डाचा आणि टोकनाचा मोबाईलवर फोटो काढा. टोकन हरवलं तरी नंबर आणि वेळ तुमच्याकडं राहते. मी एवढं केलं असतं तर अर्धं भांडण मिटलं असतं.

२) जी खरी फी आहे ती आधी द्या. फीच बुडवली तर पुढचं आपलं बोलणं लटकं पडतं.

३) दंड मागितला तर शांतपणे दोनच गोष्टी विचारा : हा दंड कुणाच्या आदेशानं आहे? आणि तेवढ्याच रकमेची पावती मिळेल का? पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नालाच दर खाली येतो.

४) पेशंट बरोबर आहे, गाडी पकडायची आहे, भांडायला वेळ नाही, तर पैसे द्या. त्यात कमीपणा नाही. पण रोख देऊ नका, यूपीआयनं द्या. पैसे कुणाच्या नावावर गेले ते मोबाईलमध्ये राहतं. पावती मिळाली तर तिच्यावर ‘हरकत नोंदवून भरले’ असं लिहून फोटो काढा.

५) किल्ली काढून घेतली, चाकाला साखळी लावली, चौघं आडवे उभे राहिले, तर ११२ ला फोन करा. माणसाला जाण्यापासून बेकायदा अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. धाक दाखवून पैसे उकळणं कलम ३०८ मध्ये येतं. तुम्ही मात्र हात उचलू नका, शिवी देऊ नका. गेटवरचा पोरगाही कुणाचा तरी रोजंदारीवरचाच आहे.

घरी आल्यावर काय करायचं?

आधी जागा कुणाची ते बघा. महापालिकेची असेल तर महापालिकेकडं अर्ज. रेल्वे स्टेशनची असेल तर १३९ वर तक्रार. एसटी स्टँडची असेल तर आगार व्यवस्थापकाकडं. खाजगी दवाखाना किंवा दुकान असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर.

सरकारी जागेच्या ठेक्याबद्दल माहितीचा अधिकार वापरता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती फी सुद्धा नाही. मागायचं एवढंच : ठेक्याच्या कराराची प्रत, मंजूर दरपत्रक, आणि दंड घ्यायला परवानगी दिली असेल तर त्या आदेशाची प्रत.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. पण खरं सांगायचं तर दोनशे रुपयांसाठी मंद्रूपहून सोलापूरला तारखांना कोण फिरणार? एका दिवसाचा रोजगार बुडाला तरी दोनशेच्या वर जातात. ठेकेदाराला हेच माहीत असतं. समजा रोज दहा माणसांनी दोनशे दिले तर महिन्याचे साठ हजार होतात, आणि पावतीपुस्तकात त्याचा एक रुपयाही नसतो. म्हणून एकट्यानं कोर्टात जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून लेखी तक्रार देणं परवडतं.

मोबाईलवरचा दंड आणखी धोक्याचा

गेटवरचा माणूस दोनशे घेतो, मोबाईलवरचा भामटा सगळं खातं रिकामं करतो. व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीचं चलन’ म्हणून फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती उघडून इन्स्टॉल केली की मोबाईलमधले मेसेज, ओटीपी सगळं समोरच्याच्या हातात जातं. सरकार कधीही व्हॉट्सॲपवर असली फाईल पाठवत नाही. खरं चलन बघायचं तर महाट्रॅफिक ॲपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः गाडी नंबर टाकून बघायचं. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, ते तपासायचं. चलन चुकीचं वाटलं तर तिथंच तक्रार करायची सोय आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात.

माझ्या दोनशे रुपयांचं काय झालं?

ज्यांच्या मालकीची ती जागा, त्या कार्यालयात मी एक पानी अर्ज दिला. सोबत वीस रुपयांची पावती आणि बोर्डाचा फोटो, जो काढायला मला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. पोच घेतली. महिनाभर काही नाही. मग एक फोन आला, “बघतो आम्ही.” पैसे काही परत आले नाहीत. पण पुढच्या तपासणीला आईला घेऊन गेलो तेव्हा बोर्डावरची दंडाची ओळ पांढऱ्या रंगानं पुसलेली होती. पोरगा तोच होता. त्यानं ओळखलं की नाही, माहीत नाही. मी टोकनाचा फोटो काढला तेव्हा तो नुसता बघत राहिला.

आता जाता जाता आपल्या गावाबद्दलही बोललं पाहिजे. जत्रेच्या दिवशी रस्त्याला दोरी लावून पार्किंगच्या नावानं पन्नास-शंभर घेणारी पोरं आपलीच असतात. आठवडे बाजाराची वसुली करणारा भाजीवाल्या बाईला पावती देतोच असं नाही. तिथं आपण गप्प बसतो, कारण पैसे दुसऱ्याचे जातात. शहरात आपल्याला जे लुटल्यासारखं वाटतं, तेच बाहेरगावच्या माणसाला आपल्या वेशीवर वाटत असणार.

दर बोर्डावर असावा, बोर्डामागं आदेश असावा, आणि घेतलेल्या पैशाची तेवढ्याच रकमेची पावती असावी. सोलापूरच्या वाहनतळाला जो नियम, तोच आपल्या जत्रेला. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या गावातल्या ग्रामसभेत तुम्ही मांडा.